पाऊण टाकी

इंधनाचा काटा बिघडलाय असं माणसाला एकाच वेळी वाटतं, तो टाकी रिकामी आहे म्हणतो तेव्हा. टाकी भरलेली दाखवणाऱ्या काट्याची तक्रार घेऊन कुणी मिस्त्रीकडे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझ्या मामेभावाच्या बोटीतला काटा अख्खा सीझन पाऊण टाकीवर उभा होता. सकाळी निघताना पाऊण. पर्यटकांना डॉल्फिन दाखवून, त्सुनामी आयलंडवर उतरवून, परत जेटीला आणून सोडलं तरी पाऊण. बॅटरी सोडवून चार्जिंगला घरी नेली, तर इकडे बोटीत काटा तसाच पाऊणवर. दादा या काट्यावर बेहद्द खूश होता. "ॲव्हरेज मस्त देता," असं तो बोटीविषयी चारचौघांत सांगायचा आणि ऐकणारे डॅशबोर्डाकडे बघून मान डोलवायचे.

बोट देवबागची. तारकर्लीच्या पुढे जमिनीची पट्टी निमुळती होत जाते. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. घराच्या पुढच्या दारी एक पाणी, मागच्या दारी दुसरं, त्यामुळे बोटीतलं काही कळत नाही असा माणूस तिथे जन्मालाच येत नाही. पुढे काट्याच्या प्रकरणात हे ज्ञान फार आडवं आलं.

दादाची आधीची होडी साधी फायबरची होती. मागे आऊटबोर्ड इंजिन, पायाशी लाल प्लास्टिकची पंचवीसेक लिटरची सुटी टाकी, टाकीतून निघालेली रबरी नळी आणि नळीच्या मध्यावर दाबायचा फुगा. त्या टाकीलाही झाकणात एक छोटा काटा होता, पण त्याच्याकडे बघायची पद्धत नव्हती. टाकीला पायाने ढकलायचं. हलली नाही तर तेल आहे, सरकली तर थोडं आहे, आणि घरंगळत गेली तर वल्ही काढायची. ही पद्धत कधी चुकली नाही. चुकायची ती झाकणावरच्या हवेच्या स्क्रूमुळे. तो उघडायचा राहिला की टाकीत हवा शिरत नाही, मग इंजिन थोडं अंतर जातं, खोकतं आणि बंद पडतं. होडीतले सगळे "तेल संपला, तेल संपला" म्हणून ओरडायला लागतात आणि पायाशी टाकी गच्च भरलेली असते. असं दोनतीनदा झाल्यावर तेल असणं आणि इंजिन चालणं यांचा फारसा संबंध नसतो, असं दादाचं मत बनलं होतं ते बनलंच.

मग त्याने गोव्याच्या बाजूने एक सेकंडहँड स्पीडबोट घेतली. स्टेअरिंग, पुढे काच, गादीच्या सीटा आणि मुख्य म्हणजे डॅशबोर्ड. डॅशबोर्डावर चार गोल घड्याळं: वेगाचं, इंजिनच्या फेऱ्यांचं, बॅटरीचं आणि पेट्रोलचं. टाकी आता जमिनीखाली, 100 लिटरची, दिसेनाशी. पायाने ढकलायची सोय गेली. टाकी एकदा नजरेआड गेली की उरतो तो विश्वास, आणि दादाने तो काट्यावर टाकला.

प्रकरण उघडकीला आणलं वहिनींनी. बोटीला लागणारं पेट्रोल मालवणच्या पंपावरून कॅनमधून येतं. खाडीवर बोटींसाठी पंप नाही, तेव्हा कॅन स्कूटरच्या पायाशी उभे करायचे आणि भाड्याच्या पर्यटकांसारखे सांभाळून आणायचे. किती लिटर आणले, कितीला आणले, हे वहिनी एका शंभर पानी वहीत लिहितात. मी सुट्टीत गेलो होतो तेव्हा त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली.

"भावोजी, टाकी 100 लिटरची मा?"

"हो."

"पाऊण भरलेली. म्हणजे जागा 25 लिटरची. मगे काल हेनी 35 लिटर ओतल्यानी, ता खय गेला?"

आम्ही दोघांनी दादाकडे पाहिलं. दादा मासे साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "उन्हान टाकी फुगता."

दुसऱ्या दिवशी बोटीवर मंडळी जमली. काटा बिघडल्याची बातमी देवबागात लपत नाही. जो बोटीत चढायचा तो आधी काचेवर बोटाने टकटक करायचा. कुणी एकदा, कुणी दोनदा, एकाने तर कान लावून. या उपायाला हसू नये. काटा कुठे अडकला असेल, एखादं जोड सैल असेल, तर टकटकीने तो खरोखर हलतो. मात्र ज्याच्या टकटकीने तो हलतो, त्या माणसाचा पुढे आयुष्यभर उपद्रव होतो. सुदैवाने आमचा काटा कुणाच्याच टकटकीला बधला नाही.

नंतर तज्ज्ञ आले. आऊटबोर्ड इंजिनं उघडणाऱ्या मिस्त्रीने प्लग काढले, कार्बोरेटर साफ केला. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू व्हायला लागलं, काटा पाऊणवर. घरांची वायरिंग करणाऱ्या वायरमनने बॅटरीची टर्मिनलं घासून लखलखीत केली. हॉर्न, जो बोट घेतल्यापासून मुका होता, तो वाजायला लागला. काटा पाऊणवर. रिक्षांच्या गॅरेजवाल्याने काहीच केलं नाही, नुसतं लांबून बघून "मीटर गेलो" असं सांगितलं, आणि जाताना असंही म्हणाला की हल्ली सगळेच मीटर जातात. प्रत्येकाने ज्याला जे येत होतं ते दुरुस्त केलं. आठवडाभर मंडळी अशीच येत राहिली असती तर बोट नवी झाली असती.

माझ्याकडे मल्टिमीटर आहे. पुण्यात या गोष्टीला काडीची किंमत नाही, पण देवबागात मल्टिमीटर बाळगणाऱ्या माणसाला बसायला खुर्ची देतात. मी खुर्चीवर बसून मंडळींना आधी यंत्र समजावून सांगायचं ठरवलं. ही हौस मला आवरत नाही.

पेट्रोलच्या घड्याळाला पेट्रोल दिसत नाही. टाकीत एक तरंगणारा बोंडा असतो, तो एका लोखंडी दांडीच्या टोकाला. तेल वर गेलं की बोंडा वर, दांडी वर. दांडीच्या दुसऱ्या टोकाला विजेचा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, कमीजास्त करणारी पट्टी. या सगळ्या सरंजामाला सेंडर म्हणतात. तिथून एक वायर वर डॅशबोर्डात जाते, घड्याळ त्या वायरीतला रेझिस्टन्स मोजतं आणि तितपत काटा हलवतं. म्हणजे आपण बघतो ते पेट्रोल नव्हे. बोंड्याने दांडीला सांगितलं, दांडीने पट्टीला, पट्टीने वायरीला, वायरीने घड्याळाला. लग्नाची बोलणी मध्यस्थांमार्फत चालतात तेव्हा मुलगी इंजिनिअर असल्याची जी बातमी शेवटच्या घरी पोचते, तिच्यावर जेवढा भरवसा ठेवावा तेवढाच या काट्यावर ठेवावा.

"मगे खोटा कोण बोलता?" वायरमनने विचारलं. प्रश्न बरोबर होता. मध्यस्थांपैकी कोण, एवढंच शोधायचं होतं.

ते शोधायची एक फार सुंदर रीत आहे आणि ती जमली की आपण डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. घड्याळाच्या पाठीमागे तीन खुंट्या असतात. 'आय'वर चावी फिरवली की 12 व्होल्ट यायला हवेत. 'जी' म्हणजे अर्थिंग. 'एस'वर सेंडरची वायर. आधी 'आय'वर व्होल्ट आहेत का बघायचं. मग चावी चालू ठेवून 'एस'ची वायर सोडायची. अमेरिकन पद्धतीचं घड्याळ असेल तर काटा रिकामीवर पडायला हवा. मग 'एस' आणि 'जी' एका तारेने जोडायचे, काटा भरलेलीच्याही पलीकडे जायला हवा. दोन्ही झालं तर घड्याळ निर्दोष, आरोपी खाली टाकीत.

यात अडचण एकच, वायर सापडण्याची. अमेरिकन बोटींच्या नियमाप्रमाणे सेंडरची वायर गुलाबी असते, चावीतून येणारी जांभळी. आमच्या बोटीत आधीच्या मालकांनी त्या त्या दिवशी दुकानात जो रंग होता तो लावलेला. डॅशबोर्डातून एक हिरवी वायर मोळीत शिरत होती आणि टाकीपाशी पांढरी होऊन बाहेर येत होती. मध्ये तिने रंग कुठे बदलला हे काळ्या चिकटपट्टीलाच माहीत.

हिरवी सोडली. काटा, जो सबंध सीझन पाऊणवरून रेसभर ढळला नव्हता, तो सपकन रिकामीवर आला. जेटीवर जमलेल्या मंडळींमधून एक "आऽऽ" असा आवाज आला. तार जोडली, काटा पार दुसऱ्या टोकाला. घड्याळ निर्दोष सुटलं. बॅटरी काढल्यावरही ते पाऊण का दाखवत होतं, याचंही कारण साधं आहे. काही घड्याळांत काटा मागे ओढणारी स्प्रिंगच नसते, वीज गेली की काटा असेल तिथे बसून राहतो.

म्हणजे आता टाकी उघडायची. इथे जरा गंभीर व्हायला हवं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते. रस्त्यावरच्या गाडीखालून ती निघून तरी जाते. बोट मुळात पाणी आत येऊ नये म्हणून बनवलेली, त्यामुळे आतलं काही बाहेरही जात नाही. तळाशी साचलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. तेव्हा बॅटरी सोडवायची, सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्यायचा, मगच पाना लावायचा. मी हे सांगत असताना इंजिनवाले मिस्त्री कानावरची विडी काढून काडेपेटी शोधत होते. वहिनींनी खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असा आवाज दिला. मिस्त्री विडीसकट पाण्यात उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी ती ओढली. पुढचं सारं मार्गदर्शन त्यांनी तिथूनच केलं.

सेंडर टाकीच्या तोंडावर पाच स्क्रूंनी बसवलेला असतो. पाची भोकं सारख्या अंतरावर असतील असं कुणालाही वाटेल. तशी ती नसतात. सेंडर एकाच दिशेने बसावा, दांडी भलतीकडे वळू नये, म्हणून ती मुद्दाम विषम ठेवलेली असतात. ही युक्ती ज्याने काढली त्याला मनुष्यस्वभाव कळत होता, पण पुरता नाही, कारण आमच्या टाकीवर आधीच्या कुणीतरी एक भोक ड्रिलने रुंद करून सेंडर हवा तसा फिरवून बसवला होता. परिणामी दांडी टाकीतल्या आडव्या पत्र्याला जाऊन टेकली होती. तेल हिंदकळू नये म्हणून टाकीत असे पत्रे असतात. त्यांच्यात बोंडा अडकला तो पाऊण उंचीवर. मल्टिमीटर लावला तर 60-65 ओहम, म्हणजे जवळपास पाऊण टाकीचंच माप. तेव्हा घड्याळ खरं बोलत होतं आणि सेंडरही खरं बोलत होता. बोंडा पाऊण उंचीवर होता हे शंभर टक्के सत्य होतं. पेट्रोल कुठे आहे ते त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दांडी सोडवताना तिची बिजागरी तुटली. ती खाऱ्या हवेने हिरवी पडून पापडासारखी झाली होती. नवा सेंडर मागवायचं ठरलं. दादाने मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला, "बोटीचो सेंडर होयो, 100 लिटरचो." त्या माणसाने पाठवला. उत्तम, स्टेनलेस स्टीलचा, गॅस्केटसकट. पाच भोकं जुळली. सगळं जोडलं, चावी फिरवली, टाकी जवळजवळ रिकामी होती आणि काटा 'भरलेली'च्याही पुढे जाऊन थरथरत उभा राहिला.

दादा म्हणाला, "बघ, किती नवो आसा."

20 लिटरचा कॅन ओतला. काटा खाली आला. आणखी एक ओतला, आणखी खाली. दोन कॅन पेट्रोल बोटीला पाजल्यावर काट्याचा जीव पार निम्म्यावर आला होता. पाण्यात उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "टाकयेक भोक आसा."

टाकीला भोक नव्हतं. जगात या यंत्राच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकन सेंडर टाकी रिकामी असताना 240 ओहम देतो आणि भरली की 33. युरोपियन रिकामीला 10 देतो आणि भरलेलीला 180. एकाचा रेझिस्टन्स तेल वाढलं की कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो. दोन्ही दिसायला सारखे, दोन्हींची भोकं तीच, दुकानात दोघेही शेजारी शेजारी टांगलेले असतात. आमचं घड्याळ अमेरिकन होतं आणि मुंबईहून आलेला सेंडर युरोपियन. टाकी कोरडी झाली की तो 10 ओहम म्हणायचा आणि अमेरिकन घड्याळ आनंदाने उड्या मारायचं. टाकी काठोकाठ भरली की 180 म्हणायचा आणि घड्याळ पावच्या खाली जाऊन पडायचं.

मी सेंडर परत पाठवून बदलून आणायला सांगितलं. दादाने ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाला, "कित्याक? उलटा वाचूचा."

आणि त्याने खरोखर ते सुरू केलं. खलाशी पोरगा दोन दिवसांत तयार झाला. "दादानू, काटो वर गेलो, तेल घालूक होया." अडचण पर्यटकांची व्हायची. बोट संगमापाशी उसळायला लागली की पुण्याचे एखादे काका डॅशबोर्डाकडे बघायचे, काटा लाल रेघेवर दिसायचा, आणि त्यांचा चेहरा उतरायचा. "अहो, पेट्रोल संपत आलंय!" दादा शांतपणे म्हणायचा, "फुल्ल आसा." काका मग डॉल्फिनकडे न बघता परत येईपर्यंत काट्याकडे बघत बसायचे. एकदोघांनी उतरताना लाइफ जॅकेट काढायलाही नकार दिला, असं वहिनी सांगतात.

ही व्यवस्था मोडली ती दादाच्या मुंबईच्या भाच्याने. तो मित्रांना घेऊन आला, काटा भरगच्च भरलेला पाहिला आणि "मामा, आम्ही जरा फिरून येतो" म्हणून बोट घेऊन निवतीच्या दिशेने निघाला. कुणी त्याला व्याकरण समजावून सांगायच्या आत तो दिसेनासा झाला होता. संध्याकाळी एका मच्छीमार होडीने त्यांना टोचन करून आणलं. भाचा उतरला तो थेट मामीकडे जाऊन म्हणाला, "मामी, काटा फुल होता!" वहिनींनी वही उघडून त्या दिवशीची नोंद केली आणि दादाने त्याच रात्री मुंबईला फोन लावला.

दुसरा सेंडर यायला वेळ होता. त्या मधल्या काळात टाकीचं तोंड उघडंच होतं, तेव्हा पडवीत बसणारे शेजारचे काका आपली काठी घेऊन आले. काका पूर्वी डिझेलच्या होडीवर तांडेल होते. काठी कसल्याशा गुळगुळीत लाकडाची, हाताला तेलकट लागणारी, आणि तिच्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा. मी विचारलं, एक खाच म्हणजे किती लिटर? काकांना प्रश्न समजला नाही. पहिली खाच म्हणजे संगमापर्यंत जाऊन परत. दुसरी, सिंधुदुर्ग किल्ला आणि परत. तिसरी, निवती आणि परत. त्याच्या वरती आणखी एक खाच होती. "ती भरती उलटी लागली तर." लिटर कुठेच नव्हते.

मला ही काठी फार आवडली. तिचं महत्त्व कळायला कॅनडातल्या एका विमानाची गोष्ट माहीत असावी लागते. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचं बोइंग 767 माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. त्याची इंधनाची घड्याळं बंद होती. नुसती बंद, म्हणजे निदान पाऊण तरी दाखवत नव्हती. म्हणून टाक्यांतलं इंधन मोजपट्टीने मोजलं, काकांसारखं. पट्टीने सांगितलं ते बरोबर होतं. गोंधळ झाला तो पुढे, लिटरचे वजनात रूपांतर करताना. कॅनडा तेव्हा नुकता मेट्रिक पद्धतीकडे वळत होता. 22,300 किलो इंधन हवं होतं आणि हिशेब पौंडांच्या आकड्याने झाला, त्यामुळे विमानात निम्म्याहूनही कमी भरलं गेलं. 41,000 फुटांवर असताना आधी एक इंजिन थांबलं, मग दुसरं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा सराव होता, त्यांनी ते अवजड विमान तसंच तरंगवत नेलं आणि गिमली नावाच्या गावातल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यतींची मंडळी जमली होती. विमानातले 69 जण वाचले.

मी ही गोष्ट काकांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "खाचे नाय होते काठयेर?"

काठीला एकच मर्यादा पडली. पेट्रोल भरायच्या नळीला वाटेत वाक असल्यामुळे ती तिथून आत जात नव्हती. सेंडर काढला तरच त्या भोकातून सरळ उतरायची. म्हणजे काठीने मोजायचं तर काटा काढून ठेवायचा. काकांना यात काहीच गैर वाटलं नाही. शिवाय ती खाचा पाडलेली जुन्या होडीच्या टाकीसाठी, आणि डिझेल काठीला धरून बसतं तसं पेट्रोल बसत नाही, खाच वाचेपर्यंत उडून जातं. हे सगळं मी बोललो नाही. काकांसमोर बोलायची माझी छाती नव्हती.

अखेर योग्य सेंडर आला, 240 ते 33 वाला. या वेळी तो आधी बाहेरच मल्टिमीटरवर तपासला. दांडी हाताने वरखाली केली, आकडे सरसर बदलले. बसवला, जोडला, टाकी पूर्ण भरली. काटा अर्ध्याच्या जरा वर.

आता दादा संतापला. सबंध सीझन हाच काटा कोरडी टाकी पाऊण म्हणून दाखवत होता तेव्हा त्याला राग आला नव्हता. भरलेल्या टाकीला अर्धी म्हटल्याबरोबर त्याने अर्ध्या तासात तिन्ही मिस्त्री पुन्हा जमवले. गॅरेजवाल्याने याही वेळी लांबूनच निदान केलं. वायरमनने बॅटरीची टर्मिनलं आणखी एकदा घासली. हॉर्नचा आवाज वाढला.

काटा असा सरसकट कमी दाखवायला लागला की कुठेतरी वाटेत फुकटचा रेझिस्टन्स घुसलेला असतो. अमेरिकन पद्धतीत रेझिस्टन्स वाढला म्हणजे टाकी रिकामी होतेय, असं घड्याळ समजतं. आणि खाऱ्या हवेत फुकटचा रेझिस्टन्स घुसतो तो बहुतेक वेळा अर्थिंगच्या वायरीत. अर्थिंगवर कुणाचा संशय जात नाही, कारण तो दुकानात मिळणारा पार्ट नाही. घड्याळ विकत मिळतं, सेंडर विकत मिळतो, म्हणून माणूस आधी तेच बदलतो. तपासायची रीत अगदी सोपी आहे. एक लांब वायर घ्यायची, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सेंडरच्या अर्थिंगच्या स्क्रूला टेकवायचं. टेकवलं, तर काटा उठून भरलेलीवर आला. वायर काढली, पुन्हा अर्ध्यावर.

सेंडरपासून निघालेली काळी वायर माग काढत गेलो. ती सीटच्या खाली, दोरखंडाच्या मागे, एका स्क्रूशी संपत होती. स्क्रूवर पांढरी भुकटी आणि खाली पोपटी रंगाचा थर. वायरीचं टोक ओढलं तर ते हातातच आलं. तारेतली तार काळी पडून भुसभुशीत झालेली, दोनचार धागे कसेबसे टेकलेले. चांगली तार लागेपर्यंत ती कापली, नवं टोक चेपून बसवलं, स्क्रू घासला, वर ग्रीस थापलं. पाच रुपयांचं काम होतं. वायरमन म्हणाला, "मिया पैल्यानच सांगितललंय, अर्थिंग बघा." त्याने असं काही सांगितलं नव्हतं, पण त्याच्या टर्मिनलं घासण्याच्या नादात तत्त्व बरोबर होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

तेव्हापासून काटा चालतो. आता त्याच्या खरेपणाचा त्रास सुरू झाला आहे. बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा, टाकीही तशीच, वर रुंद आणि खाली निमुळती. त्यामुळे काटा अर्ध्यावर म्हणजे पेट्रोल अर्धं नव्हे, बरंच कमी. पहिला अर्धा भाग आरामात जातो, दुसरा बघता बघता. त्यात 40 घोड्यांचं इंजिन सुसाट सोडलं तर तासाला पंधराएक लिटर ओढतं. बोट वेग घेऊन नाक वर करते तेव्हा सगळं तेल मागे सरकतं आणि काटा भलताच काहीतरी दाखवतो. डॉल्फिन दिसला की पर्यटक एकजात त्या बाजूला धावतात, बोट कलते, टाकीतलं तेल कलतं, काटा हलतो. खलाशी पोराने यातून एक शोध लावलाय. तो पुढे बघतच नाही, काट्याकडे बघतो आणि ओरडतो, "डॉल्फिन!"

वहिनींनी यावर उपाय केला. टाकी कोरडी करून दहा दहा लिटर ओतले आणि प्रत्येक वेळी बोट संथ पाण्यात उभी असताना काटा जिथे थांबला तिथे घड्याळाच्या काचेवर नेलपॉलिशने टिंब दिलं. खालची टिंबं लांब लांब आहेत, वरची एकमेकांना चिकटून. शिवाय त्यांच्या वहीत आता लिटरसोबत इंजिन किती तास चालवलं तेही लिहिलं जातं, आणि काटा नि वही यांचं जुळलं नाही तर वहीचं ऐकायचं, असा घरात नियम आहे. त्यात समुद्रावरचा जुना तिसऱ्या हिश्श्याचा हिशेबही त्यांनी घातलाय: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखून. काकांच्या काठीवरची ती चौथी खाच ती हीच. दादाला राखीव हिस्सा म्हणजे न वापरलेले पैसे वाटतात. त्यावर रोज संध्याकाळी वाद होतो.

परवा त्याचा फोन आला होता. वेगाचं घड्याळ बोट भरधाव असतानाही शून्य दाखवतं म्हणे. मी सांगितलं, अशा घड्याळांना मागे पाण्यात बुडालेल्या एका बारीक नळीच्या तोंडातून पाण्याचा दाब लागतो, त्या भोकात रेती किंवा कालवाचं पिल्लू बसलं असेल, बारीक तार घाल आणि साफ कर.

"मरांदे तो," दादा म्हणाला. "पोचतंव मा? मगे स्पीड कित्याक होया?"